'नेब्रास्का'ची कॅसेट: घरातलं रेकॉर्डिंग स्टुडिओत पुन्हा का जमलं नाही?

ऑक्टोबर १९८० मध्ये अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'द रिव्हर' हा दोन तबकड्यांचा अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. नाव त्याचं आधीच झालं होतं, पण पहिला क्रमांक मिळायची ही पहिलीच वेळ. पुढे सप्टेंबर १९८१ पर्यंत तो त्याच्या ई स्ट्रीट बँडला घेऊन अमेरिका आणि युरोपभर कार्यक्रम करत फिरला. ड्रम, बेस, पियानो, ऑर्गन, सॅक्सोफोन, गिटारी आणि समोर तीन-तीन तास जीव तोडून गाणारा गायक. अशा माणसाच्या पुढच्या अल्बमकडून सगळ्यांची काय अपेक्षा असेल, हे वेगळं सांगायला नको.

३० सप्टेंबर १९८२ ला पुढचा अल्बम आला, 'नेब्रास्का'. दहा गाणी. बँडचा पत्ता नाही. एक माणूस, एक गिटार, अधूनमधून हार्मोनिका, कुठे मँडोलिन, आणि या सगळ्यामागे टेपची न थांबणारी बारीक खरखर. बहुतेक गाणी गुन्हेगारांची, कामावरून काढलेल्यांची, रात्री एकट्याने गाडी हाकणाऱ्यांची.

या अल्बमबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: स्प्रिंगस्टीनने तो घरी, साध्या कॅसेटवर रेकॉर्ड केला. ते खरंच आहे. पण त्यावरून निघणारा नेहमीचा निष्कर्ष, म्हणजे 'साधी यंत्रं, म्हणून खरी गाणी', मला पटत नाही. ती कॅसेट एका हिवाळ्यात झाली. तिला तबकडीपर्यंत न्यायला मात्र कसबी माणसांना महिनोन्‌महिने झगडावं लागलं, आणि त्यातला बराचसा झगडा तिच्यात सुधारणा होऊ न देण्यासाठी होता. हे नीट कळायचं तर त्या काळी अल्बम कसा बनायचा ते आधी पाहावं लागेल.

१९८० च्या आसपास मोठ्या स्टुडिओत दोन इंच रुंद टेप वापरत. त्या एका टेपवर चोवीस समांतर ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्या, बसत. ड्रमसाठी काही, बेससाठी एक, गायकासाठी एक, असं प्रत्येकाला जागा वाटून दिलेली असे. सोय अशी की गायकाची एखादी ओळ बिघडली तर फक्त त्याचा ट्रॅक पुन्हा करता येतो, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. सगळं मनासारखं झालं की चोवीस ट्रॅक मिसळून डावा आणि उजवा असे दोनच करतात. हे मिक्सिंग. त्या दोन ट्रॅकवरून तबकडीसाठी शेवटची प्रत तयार करतात. ते मास्टरिंग. आणि या सगळ्याच्या आधी, गाणं बँडला कळावं म्हणून गायक जे कच्चं रेकॉर्डिंग करून आणतो, तो डेमो. डेमो कुणी विकत नाही. काम झालं की तो खणात जातो.

स्प्रिंगस्टीन या पद्धतीत फार वेळ घेणारा. 'बॉर्न टू रन' या एका गाण्यावर त्याने सहा महिने घालवले होते. 'द रिव्हर' बनायला वर्षाहून अधिक काळ लागला. गाणी स्टुडिओतच लिहायची, बँडला पुन्हा पुन्हा वाजवायला लावायचं, मग टाकून द्यायचं. यात पैसा तर जातोच, माणसंही थकतात. म्हणून या खेपेला त्याने ठरवलं की गाणं उभं राहतंय की नाही ते घरी तपासायचं आणि मगच बँडला बोलवायचं. त्याच्या गिटारींची देखभाल करणाऱ्या माइक बॅटलनला त्याने एक छोटं रेकॉर्डिंग यंत्र आणायला सांगितलं. हेतू वेळ वाचवण्याचा होता. अल्बमचा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

बॅटलनने आणलं ते टीॲक कंपनीचं पोर्टास्टुडिओ १४४. १९७९ मध्ये बाजारात आलेलं हे यंत्र साध्या कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करायचं. नेहमीच्या कॅसेटवर एका बाजूला दोन ट्रॅक असतात आणि कॅसेट उलटली की दुसऱ्या बाजूचे दोन. पोर्टास्टुडिओ हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं, आणि टेप नेहमीच्या दुप्पट वेगाने पळवतं.

खरखर कुठून येते, ते इथे समजून घेऊ. टेपवर अतिसूक्ष्म चुंबकीय कणांचा थर असतो. आवाज रेकॉर्ड होतो म्हणजे ते कण ठरावीक पद्धतीने रचले जातात. जिथे काहीच रेकॉर्ड केलेलं नाही तिथेही कण असतातच, फक्त अस्ताव्यस्त, आणि ही अस्ताव्यस्तता वाचताना यंत्राला जे ऐकू येतं ती खरखर. ट्रॅक जितका रुंद आणि टेप जितकी वेगाने पळेल तितके जास्त कण एका क्षणात वाचले जातात, आणि त्यांचा विस्कळीतपणा एकमेकांत जिरतो. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर पळते. पोर्टास्टुडिओत हा वेग साडेनऊ सेंटिमीटर, आणि टेप चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, त्यावर चार ट्रॅक. म्हणजे एकाच्या वाट्याला मिलिमीटरभर जागाही नाही.

स्प्रिंगस्टीन तेव्हा न्यू जर्सीत कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात राहत होता. रेकॉर्डिंगची जागा झोपण्याची खोली. दोन शुअर एसएम-५७ मायक्रोफोन, म्हणजे रंगमंचावर सर्रास दिसणारे दणकट, साधे मायक्रोफोन. ३ जानेवारी १९८२ च्या सुमारास या कॅसेटमधली बहुतेक गाणी झाली. पद्धत सोपी: आधी गाणं आणि गिटार एकत्र, एका दमात. मग उरलेल्या दोन ट्रॅकवर हवा असेल तर दुसरा सूर, आणखी एखादी गिटार किंवा टँबोरिन. चार ट्रॅक भरले की संपलं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की पर्यायच कमी होते, त्यामुळे नंतर ठरवू म्हणून काही मागे ठेवता येत नव्हतं.

मिक्सिंग त्याहून साधं. चार ट्रॅकचा आवाज एकोप्लेक्स नावाच्या यंत्रातून नेला. या यंत्रात टेपचा एक छोटा फेरा फिरत असतो, तो आवाज क्षणभर धरून ठेवतो आणि किंचित उशिराने पुन्हा ऐकवतो. १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलच्या तबकड्यांवर असाच प्रतिध्वनी ऐकू येतो. 'नेब्रास्का' ऐकताना गायक रिकाम्या जागेत उभा असल्यासारखा वाटतो, त्याचं बरंचसं श्रेय या यंत्राचं. खोली छोटीच होती, रिकामेपणा टेपच्या फेऱ्यातून आला. एकोप्लेक्समधून निघालेला आवाज शेवटी जाऊन पडला पॅनासॉनिकच्या एका बूमबॉक्सवर, म्हणजे हातात धरून नेता येणाऱ्या कॅसेट प्लेयरवर, साध्या कॅसेटवर, नेहमीच्या मंद वेगाने. हा बूमबॉक्स आधी एकदा पाण्यात पडून बंद पडला होता आणि नंतर आपोआप चालू झाला होता.

खरखरीचा हा दुसरा थर. चार ट्रॅकवरची होतीच, त्यात बूमबॉक्सच्या कॅसेटची भर. आता सगळं दोन ट्रॅकवर एकजीव झालं होतं, आणि पाण्यात कालवलेले रंग जसे परत वेगळे काढता येत नाहीत तशी त्यातून नुसती खरखर किंवा नुसता प्रतिध्वनी काढून टाकायची सोय उरली नाही. हीच कॅसेट, हाताने लिहिलेल्या टिपणांसह, मॅनेजर जॉन लँडाऊकडे गेली. मूळ कॅसेट स्प्रिंगस्टीन कित्येक दिवस डबीशिवाय, खिशात टाकून फिरवत होता.

आता त्या कॅसेटवर होतं काय? शीर्षकगीत चार्ल्स स्टार्कवेदरचं. १९ वर्षांचा हा मुलगा आणि त्याच्याबरोबरची १४ वर्षांची कॅरिल ॲन फ्यूगेट यांचं नाव अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या हत्यासत्राशी कायमचं जोडलं गेलं. डिसेंबर १९५७ आणि जानेवारी १९५८ या काळात स्टार्कवेदरने ११ जणांना मारलं, आणि जून १९५९ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. गाणं त्याच्याच तोंडी आहे, आणि आवाजात पश्चात्ताप नाही की उन्माद नाही. 'अटलांटिक सिटी'ची सुरुवात एका खऱ्या स्फोटाने होते: मार्च १९८१ मध्ये फिलाडेल्फियातला माफिया प्रमुख फिल टेस्टा स्वतःच्या घराच्या दारात बाँबने मारला गेला होता. 'जॉनी ९९' मध्ये महवाचा मोटारींचा कारखाना बंद पडतो. न्यू जर्सीतल्या महवा इथला फोर्डचा कारखाना १९८० मध्ये खरोखरच बंद झाला होता. काम गेलेला माणूस दारू पितो, एकाला गोळी घालतो, आणि न्यायाधीश त्याला ९९ वर्षांची शिक्षा देतो. 'यूज्ड कार्स'सारख्या गाण्यात बालपण आहे, वडिलांनी जुनी गाडी घेताना मुलाला वाटलेली लाज आहे.

ही गाणी एकामागून एक ऐकली की एक गोष्ट जाणवते. यातली माणसं बहुधा कुणातरी एकाला उद्देशून बोलत असतात. समोर न्यायाधीश असतो, पोलीस असतो, नाहीतर नाव नसलेला कुणी 'सर'. जबानी द्यावी तसं ते बोलणं. काही शब्द गिळलेले, काही ओळी अर्ध्यावर विरलेल्या. माझ्या मते स्टुडिओत पुढे जे झालं त्याचं उत्तर इथेच आहे.

एप्रिल आणि मे १९८२ मध्ये बँड न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत जमला. उत्तम जागा, उत्तम वादक, कॅसेटवरची गाणी पाठ. त्यांनी ती वाजवलीही. आणि ऐकल्यावर स्प्रिंगस्टीनचं समाधान होईना. वादकांत काही खोट नव्हती. पण ड्रम आला की ताल ठरून जातो, आणि गायकाला त्या तालावर चढून गावं लागतं. घरी तो ओळीच्या शेवटी थांबायचा, पुढच्या ओळीला घाई करायचा, गिटार मागेमागे जायची. बेस आणि ड्रमवर आवाज ऐकू जावा म्हणून गळा उघडला, की जबानी देणारा माणूस जातो आणि हजारोंपुढे गाणारा कलाकार उभा राहतो. एकाशी चाललेलं बोलणं सगळ्यांशी होतं.

मग बँडशिवाय, एकट्याने, चांगल्या मायक्रोफोनवर तीच गाणी पुन्हा गाऊन पाहिली. तेही जमलं नाही. इथे अडचण तालाची नव्हती. घरी गाताना हे कुणी ऐकणार आहे ही जाणीवच नव्हती. गाणं लक्षात राहावं म्हणून माणूस गात होता. स्टुडिओत प्रत्येक वेळी त्याला स्वतःचीच नक्कल करावी लागली. शिवाय खरखर आणि तो प्रतिध्वनी गेले, की गाण्याभोवतीची जागाच गेली. खरखरीमुळे शांततेलाही आवाज मिळतो, दोन ओळींमधल्या थांब्यात काहीतरी चालू असल्यासारखं वाटतं. स्वच्छ टेपवर तोच थांबा नुसता रिकामा असतो.

पण यावरून कच्चं तेच चांगलं असा नियम काढायला जाऊ नये, आणि याचा पुरावा त्याच कॅसेटवर आहे. जानेवारीतल्या त्या गाण्यांत 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हेही होतं, एकट्या गिटारवर, उदास. कॅसेटवर ते अडखळत होतं. पॉवर स्टेशनमध्ये बँडने ते वाजवलं, ड्रमचे घाव आले, कीबोर्डची ती सहा सुरांची हाळी आली, आणि गाणं उभं राहिलं. १९८४ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला आणि जगभर कोट्यवधी प्रती खपल्या. त्याच स्टुडिओत, त्याच आठवड्यांत एका गाण्याला बँडने जिवंत केलं आणि बाकीच्यांना नाही. कुठल्या गाण्याला काय हवंय हे ओळखणं, आणि स्वतःच्या बँडचं चांगलं काम बाजूला ठेवायची हिंमत करणं, हे मला या अल्बममधलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

शेवटी निर्णय झाला: कॅसेटच छापायची. अल्बममधलं एकच गाणं, 'माय फादर्स हाउस', नंतर मे महिन्यात केलेलं.

आणि इथून साऊंड इंजिनिअर टोबी स्कॉट, निर्मितीत मदत करणारा चक प्लॉटकिन आणि मास्टरिंग करणाऱ्यांची परीक्षा सुरू झाली. तबकडी बनवताना आधी मऊ लॅकरचा थर दिलेली एक चकती घेऊन तिच्यावर नीलमाच्या किंवा माणकाच्या टोकाने खाच कापतात. आवाज मोठा असेल तर खाच जास्त हेलकावते. डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज सारखा असेल तर टोक आडवं हलतं, वेगळा असेल तर वरखाली. आता कॅसेटचा घोळ असा की ती एका यंत्रावर रेकॉर्ड केली आणि दुसऱ्यावर वाजवली, की वाचणारं हेड केसभर तिरकं असलं तरी डावा आणि उजवा ट्रॅक क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशाने मागेपुढे होतात. कानाला ते फारसं कळत नाही. कापणाऱ्या टोकाला मात्र कळतं. ते वर उचललं जातं, खाच उथळ होते, आणि घरी वाजवताना सुई उडते किंवा आवाज फाटतो. एकापेक्षा जास्त ठिकाणी, एकापेक्षा जास्त लोकांनी प्रयत्न केले. 'कॅसेट अल्बम' म्हणून फक्त कॅसेटवरच काढावा का, इथपर्यंत विचार गेला. अखेरीस मार्ग निघाला तो आवाजाची पातळी खाली ठेवून कापण्याचा. हळू आवाज म्हणजे लहान हेलकावे, लहान हेलकावे म्हणजे टोक ताब्यात. म्हणून 'नेब्रास्का'ची तबकडी इतर रॉक तबकड्यांपेक्षा हळू वाजते. ऐकणाऱ्याला जवळ सरकावं लागतं, आणि ते या गाण्यांना शोभतं.

मुखपृष्ठावर छायाचित्रकार डेव्हिड मायकल केनेडीने १९७५ मध्ये टिपलेलं एक छायाचित्र: ट्रकच्या काचेतून दिसणारा रस्ता आणि त्यावरचं राखाडी आभाळ. गायकाचा चेहरा नाही.

अल्बम आला तेव्हा विकण्यासाठी नेहमी जे करतात त्यातलं जवळपास काहीच केलं गेलं नाही. अमेरिकेत एकही गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या तबकडीवर, काढलं नाही. कार्यक्रमांचा दौरा नाही. 'अटलांटिक सिटी'चा कृष्णधवल व्हिडिओ केला, पण त्यात स्प्रिंगस्टीन दिसतच नाही. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनल एमटीव्ही नुकतंच वर्षाचं झालं होतं आणि चेहरा दाखवणं हाच प्रसिद्धीचा नवा मार्ग होता, तेव्हाची ही गोष्ट. तरी अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. समीक्षकांपैकी बहुतेकांनी तो मोठा मानला. वर्षअखेरीच्या याद्यांमध्ये तो वर होता. काहींना मात्र तो एकसुरी वाटला, आणि ही तक्रार अगदीच चुकीची नाही. सलग ऐकला तर तो दमवतो. या माणसांच्या आयुष्यात दिलासा नाही, म्हणून चालींमध्येही तो दिलेला नाही.

काळही तसाच होता. सप्टेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतली बेकारी १०.१ टक्क्यांवर गेली, महामंदीच्या काळानंतर प्रथमच दोन आकड्यांत. कामावरून निघालेल्या माणसाचं गाणं तेव्हा बातमीसारखं ऐकू आलं असणार. एक योगायोगही नोंदवण्यासारखा आहे: अल्बम निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबर १९८२ ला, सोनीने जपानमध्ये पहिला सीडी प्लेयर विक्रीला आणला. खरखर पूर्णपणे संपवण्याचं आश्वासन घेऊन ते यंत्र आलं होतं.

या अल्बमचा राजकीय अर्थ दोन वर्षांनी सगळ्यांसमोर आला. सप्टेंबर १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन निवडणुकीच्या प्रचारात न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथे बोलले आणि तरुणांना आशेचा संदेश देणारा म्हणून त्यांनी स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. काही दिवसांतच पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीन म्हणाला, राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कुठला असेल याचा विचार करतोय, पण तो 'नेब्रास्का' असेल असं वाटत नाही. आणि त्याने 'जॉनी ९९' सुरू केलं. पोलादाचे कारखाने बंद पडत असलेल्या शहरात.

संगीतकारांनी हा अल्बम फार लवकर ओळखला. कंट्री गायक जॉनी कॅशने १९८३ मध्ये यातली दोन गाणी गायली आणि आपल्या अल्बमला नावच 'जॉनी ९९' दिलं. पुढच्या दशकांत घरच्या घरी चार ट्रॅकवर अल्बम करणारी एक अख्खी पिढी आली, आणि त्यातले अनेक जण 'नेब्रास्का'चं नाव घेतात. स्वतः स्प्रिंगस्टीनने पुढे आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे लिहिलं. हा अल्बम झाला त्याच वर्षी ते त्याच्यावर कोसळलं होतं, हे कळल्यावर ही गाणी वेगळी ऐकू येतात. पण कबुलीजबाब म्हणून ऐकायची गरज नाही, त्याशिवायही ती पुरी आहेत.

पॉवर स्टेशनमधली बँडची रेकॉर्डिंग अनेक वर्षं चाहत्यांच्या चर्चेचा विषय होती. २०२५ मध्ये ती अखेर प्रसिद्ध झाली, 'नेब्रास्का'च्या विस्तारित आवृत्तीत. आता कुणालाही 'अटलांटिक सिटी' आणि 'जॉनी ९९' दोन्ही तऱ्हांनी ऐकता येतात. ऐकायची असतील तर बँडची आधी ऐकावीत. ती चांगली आहेत, काही ठिकाणी फारच चांगली. इतकं चांगलं हाती असताना त्याने काय निवडलं, हे मग कॅसेटवरची ऐकताना कळतं.